खाण्याच्या विकारांवरची सीबीटी शिकवताना: वर्कशॉपच्या आधीपासून सहाव्या महिन्यापर्यंत

दोन दिवसांचं वर्कशॉप झालं की थेरपिस्टची माहिती वाढते, आत्मविश्वासही वाढतो, आणि पुढच्या आठवड्यात सेशनमध्ये जे घडतं ते बहुतेक पूर्वीसारखंच राहतं. खाण्याच्या विकारांवरच्या सीबीटीत (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) ही दरी जास्तच रुंद असते. या उपचारातली जी कामं परिणाम करतात, नेमकी तीच करताना थेरपिस्टला अवघडल्यासारखं होतं: रुग्णाला वजनकाट्यावर उभं करणं, रोजच्या खाण्याच्या नोंदी मागणं, ज्या पदार्थाची भीती वाटते तो याच आठवड्यात खायला सांगणं. मग ती कामं हळूच गळतात आणि उरतात त्या गप्पा. ग्लेन वॉलर यांनी २००९ मध्ये ‘थेरपिस्ट ड्रिफ्ट’ (थेरपिस्टचं भरकटणं) या नावाखाली यावर लिहिलं, तेव्हापासून हा शब्द या क्षेत्रात रुळला. थेरपिस्टची स्वतःची घालमेल जितकी जास्त, तितकी ही कामं टाळली जातात. त्यामुळे प्रशिक्षण आखताना टाळाटाळ होणारच असं धरून चालायचं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी वेळापत्रक, मग माणसं

प्रशिक्षणार्थी निवडण्याआधी विभागप्रमुखाशी बोलून एक गोष्ट पक्की करा: प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला एकाच रुग्णासाठी आठवड्यातून दोन वेळा ५० मिनिटं मिळतील, आणि असे चार आठवडे मिळतील. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. दवाखान्याची अपॉइंटमेंट पद्धत दर पंधरा दिवसांची किंवा महिन्याची असते. थेरपिस्ट शिकून येतो आणि पहिला रुग्ण तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांदा भेटतो. तोवर नोंदवही हरवलेली असते. आठवड्यातून दोन सेशन द्यायची सोय होत नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकला.

गट ८ ते १२ जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात रोल-प्लेवर नजर ठेवता येत नाही. प्रत्येकाला सीबीटीची मूलभूत तयारी हवी: अजेंडा ठरवणं, गृहपाठ देणं आणि तो तपासणं, वर्तनप्रयोग (रुग्णाचं भाकीत प्रत्यक्ष करून तपासणं) आखणं. ही तयारी नसेल तर आधी तेवढीच वेगळी शिकवा. दोन्ही एकदम शिकवायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात. अनुभवाची वर्षं मोजू नका. काटेकोर सुपरव्हिजनखाली (अनुभवी थेरपिस्टच्या नियमित देखरेखीखाली) ज्युनियर सहायकांनीही दहा सेशनचा प्रोटोकॉल नीट चालवून चांगले निकाल मिळवलेले आहेत, आणि वीस वर्षं दुसऱ्या पद्धतीने काम केलेल्याला सवयी मोडायला उलट जास्त वेळ लागतो.

प्रत्येकाचा एक रुग्ण वर्कशॉपच्या आधीच ठरलेला असावा, पहिलं सेशन वर्कशॉपनंतर दोन आठवड्यांच्या आत. पहिली केस कमी वजन नसलेल्या प्रौढ व्यक्तीची, बुलिमिया (बिंज, म्हणजे ताबा सुटून खूप खाणं, आणि मग उलट्या वगैरेंनी त्याची भरपाई) किंवा नुसत्या बिंज इटिंगची घ्या. ॲनोरेक्सियाची (खाणं फार कमी करून वजन बरंच उतरलेल्या रुग्णाची) केस दुसरी किंवा तिसरी. पहिल्याच केसला ४० आठवड्यांचा उपचार हाती दिला तर प्रशिक्षणार्थ्याला शेवट बघायला जवळजवळ वर्ष लागतं.

प्रोटोकॉल एकच

दोन-तीन पद्धतींची ओळख करून देण्याचा मोह आवरा. प्रौढांसाठी प्रामुख्याने दोन पर्याय वापरात आहेत.

पहिला सीबीटी-ई. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली ही पद्धत निदानापेक्षा विकार टिकवून ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. २००३ मध्ये मांडलेला ‘ट्रान्सडायग्नोस्टिक’ (सगळ्या खाण्याच्या विकारांना लागू) सिद्धान्त तिचा पाया. वजन फार कमी नसेल तर २० आठवड्यांत २० सेशन. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एक-दोन सेशनचा आढावा, मग आठ साप्ताहिक सेशन, शेवटची तीन सेशन पंधरवड्याच्या अंतराने, आणि उपचार संपल्यावर २० आठवड्यांनी एक भेट. वजन बरंच कमी असेल तर ४० आठवड्यांत ४० सेशन. दुसरा पर्याय सीबीटी-टी. यात दहा सेशन असतात, ती फक्त कमी वजन नसलेल्यांसाठी, आणि चौथ्या सेशनला पक्का आढावा घेतला जातो. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही बुलिमियासाठी २० आठवड्यांत २० आणि ॲनोरेक्सियासाठी ४० आठवड्यांत ४० सेशनपर्यंत असाच हिशेब देतात.

कोणताही घ्या, पण एकच. “दोन्हींतलं चांगलं ते घेऊ” असं ठरलं की प्रत्येक थेरपिस्ट आपल्याला सोपं तेवढं उचलतो, आणि सोपं काय ते वर सांगितलंच आहे. किशोरवयीन रुग्णांसाठी कुटुंबासोबतचा उपचार आधी विचारात घेतला जातो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. चव, पोत किंवा घशात अडकण्याच्या भीतीपोटी खाणं टाळणाऱ्यांना या प्रोटोकॉलमध्ये घालू नका. तिथे वजन-आकाराची चिंताच नसते आणि सगळं फॉर्म्युलेशन (विकार कशामुळे टिकून आहे याचा आराखडा) कोलमडतं.

शरीराची जोखीम: अर्धा दिवस, वर्कशॉपच्या आधी

डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टला निदान करायचं नसतं, पण थांबायचं कधी आणि फोन कुणाला करायचा हे माहीत हवंच. हे सत्र फिजिशियनकडून घ्या आणि प्रत्येकाच्या हाती एक पान द्या. त्या पानावर: ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी तातडीच्या धोक्याची जी लक्षणं दिली आहेत, त्यांत नाडी मिनिटाला ४० च्या खाली, रक्तातलं पोटॅशियम लिटरला २.५ मिलिमोलच्या खाली, तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली, आणि सलग दोन आठवडे दर आठवड्याला वजनात एक किलो किंवा त्याहून जास्त घट यांचा समावेश आहे. जोडीला चक्कर येऊन पडणं, बसल्या जागेवरून हाताचा आधार न घेता उठता न येणं. बरेच दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकतं, हेही त्यात लिहा.

इथली सर्वात मोठी चूक म्हणजे बीएमआय ठीक म्हणून निर्धास्त राहणं. रोज तीन-चार वेळा उलट्या करणाऱ्या माणसाचं वजन अगदी सर्वसाधारण असू शकतं आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीला पोहोचलेलं असू शकतं. उलट्या, जुलाबाची किंवा लघवीची औषधं यांपैकी काहीही चालू असेल तर रक्ततपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय पहिलं सेशन नाही, असा नियम करा. पुढच्या तपासण्या कोण करणार, निकाल कुणाकडे येणार, हे त्या व्यक्तीच्या नावानिशी लिहून ठेवा. “ओपीडीत बघतील” हे उत्तर नव्हे.

वर्कशॉपचे चार दिवस

सलग चार दिवस घेण्यापेक्षा दोन आणि दोन घ्या, मध्ये सहा आठवडे. पहिल्या दोन दिवसांत फक्त पहिल्या टप्प्याचं काम: मूल्यमापन, फॉर्म्युलेशन, नोंदी, वजन, नियमित खाणं. बाकीचं सगळं दुसऱ्या जोडीत. सगळंच आधी शिकवलं तर प्रशिक्षणार्थी दुसऱ्या सेशनलाच आरशात बघण्याच्या सवयींवर बोलू लागतो, कारण ते जास्त ‘मानसशास्त्रीय’ वाटतं, आणि रुग्णाचं दुपारचं जेवण मात्र गायब असतं.

वेळेतला एक तृतीयांश भाग बोलणं, दोन तृतीयांश करून बघणं. स्लाइडवरचं ज्ञान घरी बसून वेबसाइटवरूनही मिळतं. आयर्लंडमध्ये देशभरातल्या थेरपिस्टना सीबीटी-ई ऑनलाइन शिकवण्याचा प्रयोग झाला, त्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चांगले होते. तेव्हा सिद्धान्त, व्याख्या, प्रात्यक्षिकाचे व्हिडिओ आधी घरी बघायला द्या आणि समोरासमोरचा वेळ तोंडाने बोलून, हाताने करून बघण्यासाठी राखा.

फॉर्म्युलेशनला एक तास पुरतो. फळ्यावर चारच चौकोन: वजन-आकारावरून स्वतःची किंमत ठरवणं, त्यातून कडक डाएट, त्यातून बिंज, त्यातून उलट्या किंवा जुलाबाची औषधं, आणि बाण परत वर. रुग्णाच्याच शब्दांत, त्याच्यासमोर, पहिल्या सेशनमध्ये काढायचं. प्रशिक्षणार्थी त्यात बालपण, आई, शाळेतली चिडवाचिडवी असं सगळं कोंबतात आणि कागद जाळ्यासारखा दिसू लागतो. त्यांना विचारा: या बाणांपैकी पुढच्या आठवड्यात तुम्ही कोणता तोडणार आहात? ज्याचं उत्तर देता येत नाही ते चौकोन खोडा.

वजनकाटा

याला पूर्ण अर्धा दिवस द्या. खराखुरा काटा खोलीत आणा. काट्याशिवाय केलेला वजनाचा रोल-प्ले म्हणजे पाण्याबाहेरचं पोहणं. क्रम असा: सेशनच्या सुरुवातीला, आठवड्यातून एकदाच, आधी रुग्णाचा अंदाज, मग वजन, मग रुग्णाच्याच हाताने ग्राफवर ठिपका, मग अर्थ. आकडा दोघांनीही बघायचा.

— काट्यावर उभं राहण्याआधी सांगा, मागच्या मंगळवारपेक्षा आज किती फरक असेल?
— दोन किलो तरी वाढलंच असणार. आठवडाभर रोज पाच वेळा खाल्लंय.
— बरं, ‘दोन किलो जास्त’ असं लिहू. खात्री किती, शंभरपैकी?
— नव्वद.
— या, उभे राहा. तीनशे ग्रॅम जास्त. ठिपका तुम्हीच द्या.
— म्हणजे वाढलंच ना!
— एका ठिपक्यावरून ते सांगता येत नाही. शरीरातल्या पाण्यामुळेच रोज यापेक्षा जास्त फरक पडतो. चार ठिपके होऊ द्या, मग रेष कुठे चालली आहे ते बघू. आज तपासायचं होतं ते एवढंच, की पाच वेळा खाल्ल्यावर दोन किलो वाढतं का.

एवढंच. पण हे तीन फेऱ्यांत करून घ्या. पहिल्या फेरीत रुग्ण झालेला सहकारी तयार असतो, दुसऱ्यात वाद घालतो, तिसऱ्यात रडतो आणि नकार देतो. प्रत्येक फेरी पाच मिनिटं, दोन मिनिटं अभिप्राय, आणि लगेच तीच फेरी पुन्हा. पुन्हा करणं वगळू नका. शिकणं त्या दुसऱ्या खेपेला होतं. अभिप्राय देताना एकच सुधारणा सांगा, पाच नाही.

ऐकू येणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. “वाढलं नाही, छान!” म्हणणं: त्यातून वजन वाढणं वाईट हा रुग्णाचा समज थेरपिस्टनेच पक्का केला. “आज ताण आहे, पुढच्या वेळी बघू”: रुग्णाला दिलासा मिळतो, थेरपिस्टलाही मिळतो, आणि दोघंही टाळायला शिकतात. सेशनच्या शेवटी वजन करणं: रुग्ण पन्नास मिनिटं त्याच धास्तीत असतो आणि आकड्यावर बोलायला वेळच उरत नाही. नर्सकडे पाठवणं: आकडा आणि भीती दोन्ही खोलीबाहेर राहतात. रुग्ण ठाम नकार देत असेल तर बळजबरी नाही, पण विषय बदलणंही नाही. “वजन न बघता पुढे गेलो तर तुमची भीती खरी की खोटी हे कळायला मार्गच उरत नाही” असं शांतपणे सांगून, लागलं तर ते सेशन त्यावरच घालवायचं.

“याने रुग्णाशी नातं बिघडेल” हा आक्षेप हमखास येतो. या उपचारात लक्षणं लवकर कमी झाली की नातं पुढे घट्ट होतं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पण आक्षेप घेणाऱ्याला अभ्यास ऐकवून फारसं साधत नाही. त्याच्याकडून भाकीत लिहून घ्या: किती रुग्ण नकार देतील, किती सोडून जातील. सहा आठवड्यांनी दुसऱ्या जोडीच्या वर्कशॉपला तो कागद काढा. थेरपिस्टवरचा वर्तनप्रयोगच आहे हा.

नोंदींचं पान

रकाने सहा: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे, प्रमाणाबाहेर वाटलं तर तारा (*), उलटी किंवा औषध, आणि शेरा. खाल्ल्याबरोबर लिहायचं; रात्री आठवून लिहिलेलं पान म्हणजे डायरी, नोंद नव्हे. कॅलरी लिहायच्या नाहीत.

प्रशिक्षणार्थ्यांना वर्कशॉपआधी तीन दिवस स्वतःच्या नोंदी ठेवायला सांगा. मात्र ज्याला स्वतःला कधी खाण्याचा विकार होता किंवा आहे त्याच्यासाठी, कारण न विचारता, पर्याय ठेवा: खाण्याऐवजी फोन हातात घेतल्याच्या नोंदी. दुसऱ्या दिवशी पान रिकामं का राहतं, लोकांत बसून लिहायला कसं वाटतं, हे दोन्हींतून सारखंच कळतं.

मग एक तयार पान वाटा:

सकाळी ८:१०. काळी कॉफी. घरी.
दुपारी १:३०. एक सफरचंद. ऑफिसात, टेबलावर.
रात्री ९:४०. बिस्किटांचा अख्खा पुडा, अर्धा लिटर आइस्क्रीम, ब्रेडचे चार स्लाइस. स्वयंपाकघरात, उभ्याने. तारा. १०:१५ उलटी. शेरा: संध्याकाळी भांडण झालं. स्वतःची किळस आली.

दहापैकी आठ जण भांडणाकडे धावतील. कुणाशी, कशावरून, तेव्हा मनात काय आलं. त्यांना थांबवा आणि पेन्सिलीने ८:१० ते ९:४० अशी रेघ ओढायला सांगा. साडेतेरा तासांत एक सफरचंद. भांडणाने काडी लावली असेल, पण लाकडं दिवसभर रचली जात होती. पुढच्या आठवड्याचं काम भांडणावर नाही. काम आहे ते तीन जेवणं आणि दोन-तीन मधल्या खाण्यांवर, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर न पडू देण्यावर. सुरुवातीला काय खायचं यात हात घालायचा नाही, फक्त केव्हा. आणि सुरुवात दिवसाच्या त्या भागापासून जो सर्वात कमी विस्कटलेला असतो, बहुधा सकाळ. रुग्ण म्हणेल, भूक लागत नाही. या टप्प्यावर भूक विश्वासार्ह घड्याळ नसते, म्हणूनच भिंतीवरच्या घड्याळाने चालायचं.

कमी वजन असेल तर त्याच पानावर वाढीचा हिशेब येतो: आठवड्याला सरासरी अर्धा किलो, त्यासाठी रोज साधारण ५०० कॅलरी जास्तीच्या. नवे थेरपिस्ट इथे “हळूहळू वाढवू” म्हणतात आणि दहा सेशनमध्ये ग्राफ आडवाच राहतो.

रुग्णाला समजावून सांगायची माहिती तोंडपाठ हवी, पाच मिनिटांत सांगता येईल अशी. उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही, बराच भाग शरीरात राहतोच. जुलाबाची औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यात काम करतात. तोवर अन्न शोषलं गेलेलं असतं, जातं ते पाणी. उपासमारीचं मनावर काय होतं हे सांगायला मिनेसोटाचा प्रयोग: १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं, आणि अन्नाचा ध्यास, चिडचिड, एकलकोंडेपणा, पुढे खायला मिळाल्यावर बेसुमार खाणं हे सगळं त्यांच्यात दिसलं. त्यांना कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. हे ऐकल्यावर रुग्णाचा ‘माझ्यातच खोट आहे’ हा समज जरा सैल होतो.

दुसरी जोडी

शरीर सारखं तपासणं किंवा अजिबात न बघणं, ‘जाडं वाटणं’, खाण्याचे नियम, मूड आणि बिंजचं नातं, शेवटची सेशन. प्रत्येकासाठी एक पानाचा आराखडा आणि एक रोल-प्ले पुरे. त्यातल्या त्यात वेळ द्यावा तो खाण्याच्या नियमांना. प्रशिक्षणार्थी ‘निषिद्ध’ पदार्थांची यादी उत्साहाने करून घेतात, सोप्यापासून अवघडापर्यंत उतरंड रचतात, आणि पदार्थ खायला लावायची वेळ आली की यादीच चर्चेला पुरते. वर्कशॉपमध्येच सेशनमध्ये एकत्र खाण्याचा सराव करून घ्या: रुग्णाने भीती वाटणारा पदार्थ आणलेला आहे, खाण्याआधी त्याचं भाकीत लिहिलेलं आहे, आणि थेरपिस्ट समोर बसून तोच पदार्थ खातो आहे, त्याच्या पोषणमूल्यांवर चकार शब्द न काढता.

प्रशिक्षणार्थ्यांचं आपसातलं बोलणंही ऐका. मधल्या सुट्टीत “आज गोड नको, डाएट चालू आहे” असं ज्या सहजतेने बोललं जातं, त्याच सहजतेने ते सेशनमध्येही निसटतं. सगळ्यांसमोर टोकू नका, पण दुसऱ्या दिवशी त्यावर पंधरा मिनिटं काढा.

सुपरव्हिजन

वर्कशॉपचा पैसा आणि वेळ इथे वळवता आला तर वळवा. पहिले सहा महिने दर आठवड्याला, चार जणांचा गट, ९० मिनिटं. प्रत्येक सेशनचं ध्वनिमुद्रण, रुग्णाच्या लेखी संमतीने. मुद्रण कुठे राहणार आणि कधी पुसलं जाणार हे संमतिपत्रात लिहिलेलं असावं.

प्रत्येक केसची सुरुवात चार प्रश्नांनी, आणि त्यांची उत्तरं आकड्यांत. या आठवड्यात वजन केलं का आणि ग्राफ काय म्हणतो? सातपैकी किती दिवसांच्या नोंदी आल्या? रोज किती वेळा खाल्लं? बिंज आणि उलट्या किती? ही चार उत्तरं मिळेपर्यंत रुग्णाची कहाणी ऐकायची नाही. कठोर वाटेल. पण सुपरव्हायझरही ड्रिफ्ट होतात. नातेसंबंधांची गुंतागुंत ऐकायला रंजक असते आणि ४० मिनिटं कशी गेली कळत नाही. प्रश्न छापून टेबलावर ठेवा, म्हणजे गटातलं कुणीही सुपरव्हायझरला आठवण करून देऊ शकेल.

मग मुद्रणातली दहा मिनिटं. कोणती, हे प्रशिक्षणार्थ्याने निवडायचं, पण एका आड एक आठवडा पहिली दहा मिनिटं सक्तीची, कारण काटा आणि नोंदी तिथे असतात. थेरपिस्टच्या तोंडी वर्णनावर भिस्त ठेवू नका. “वजनावर बोललो” याचा अर्थ मुद्रणात अनेकदा “वजन करायचं का?” “नको” “बरं” एवढाच निघतो, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच आठवत असतं. ऐकून झाल्यावर चर्चा आवरती घेऊन तो तुकडा तिथल्या तिथे रोल-प्लेने पुन्हा करायला लावा.

चौथ्या आठवड्याचा आढावा

या उपचारात निकालाचा सर्वात भरवशाचा अंदाज सुरुवातीच्या बदलावरून येतो. म्हणून दर आठवड्याला छोटी प्रश्नावली भरून घ्यायची. ईडी-१५ त्यासाठीच बनवलेली आहे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ईडीई-क्यू ही लक्षणांची मोठी प्रश्नावली: २८ प्रश्न, मागचे २८ दिवस, बहुतेक उत्तरं ० ते ६ मध्ये. दैनंदिन आयुष्यावरचा परिणाम मोजायला सीआयए, १६ प्रश्न, कमाल ४८ गुण, १६ किंवा जास्त असेल तर दखल घ्यायची.

चार आठवड्यांनी नियमित खाणं सुरू झालेलं नसेल, बिंज तितक्याच असतील, तर प्रशिक्षणार्थ्याची पहिली प्रतिक्रिया असते “अजून वेळ देऊ”. वेळ देऊन हा प्रश्न क्वचितच सुटतो. आधी मुद्रण ऐकून ठरवा की उपचार दिला गेलाच आहे का. नसेल तर दोष रुग्णाच्या इच्छाशक्तीचा नाही. दिला गेला असेल तर अडसर शोधा: तीव्र नैराश्य, दारू, घरात चालू असलेलं संकट, सेशन सारखी चुकणं. मग रुग्णाशी सरळ बोला, की आत्ता काय बदलायला हवं, आणि ते शक्य नसेल तर थांबून योग्य वेळी पुन्हा सुरू करायचं का. हे संभाषण रोल-प्लेशिवाय कुणाला जमत नाही. सहाव्या आठवड्याच्या वर्कशॉपमध्ये पहिला तास त्याचाच ठेवा.

कौशल्य मोजणं

सीबीटीचं सर्वसाधारण कौशल्य मोजायला सीटीएस-आर चालतं: १२ बाबी, प्रत्येकी ० ते ६, एकूण ७२, उत्तीर्ण होण्याची नेहमीची रेषा ३६. पण उत्तम सीटीएस-आर मिळवून वजन कधीच न केलेला थेरपिस्ट असू शकतो. म्हणून जोडीला विकाराशी निगडित छोटी तपासयादी ठेवा, हो किंवा नाही अशी: वजन आधी केलं का, अंदाज विचारला का, नोंदी ओळीओळीने वाचल्या का, पुढच्या खाण्याचं नियोजन झालं का, प्रयोगाचं भाकीत लिहिलं का. प्रमाणपत्रासाठी दोन पूर्ण केस आणि वेगवेगळ्या टप्प्यांतली तीन मुद्रणं हा किमान निकष ठेवावा. मुद्रणं निवडताना एक सुपरव्हायझरने निवडावं, नाहीतर तिन्ही बाराव्या सेशनची, सगळं सुरळीत चाललेली येतात.

गुण देणारे दोघे असतील तर आधी तीन मुद्रणं दोघांनी स्वतंत्रपणे तपासून आकडे जुळवा. एकाच बाबीत दोन गुणांचा फरक येत असेल तर व्याख्येवर बोला, सरासरी काढू नका.

सहा महिन्यांनंतर

प्रत्येक थेरपिस्टच्या केसचं एक पानी कोष्टक विभागात राहावं: किती सुरू झाल्या, किती मध्येच सुटल्या, किती सेशन झाली, ईडीई-क्यू आधी आणि नंतर. सेशनचा रकाना नीट बघा. २० चे २७ झाले असतील तर बहुधा शेवट पुढे ढकलला जातोय. रुग्णाला सोडताना थेरपिस्टलाच धाकधूक असते. शेवटच्या तीन सेशनमध्ये अंतर वाढवायचं ते याचसाठी, की रुग्णाने स्वतः सांभाळून बघावं आणि घसरलं तर काय करायचं हे कागदावर लिहून न्यावं.

सहाव्या महिन्यात एक दिवसाचं उजळणी सत्र घ्या. नवा विषय नको. प्रत्येकाने अलीकडच्या सेशनची पहिली दहा मिनिटं आणायची आणि वरची तपासयादी एकमेकांची भरायची.

शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवायचं असेल तर त्यांनी किमान चार-पाच केस पूर्ण केलेल्या असाव्यात आणि पहिली फेरी मूळ प्रशिक्षकासोबत घ्यावी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आधी कडेचा मजकूर जातो, तसं इथे सर्वात आधी जातं ते काट्यावरचं सत्र: अर्ध्या दिवसाचं तासावर येतं, मग एका स्लाइडवर. वेळापत्रकात तो अर्धा दिवस पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, दुपारनंतर नको. उशीर झाला की कापलं जातं ते दुपारचंच. आणि सुपरव्हायझर पहिल्यापासून दोन तयार करा. एकाची बदली झाली की दर आठवड्याचा गट त्याच महिन्यात बंद पडतो.